पेरणारा कोण, उगवविणारा कोण? : जनुकीय बियाण्यांचा प्रश्न आणि इस्लामची शिकवण

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-वाकिआमध्ये (५६:६३-६७) अल्लाहने शेतकऱ्याला त्याच्याच शेताकडे पाहून विचार करावयास सांगितले आहे. दाणा जमिनीत टाकणे एवढेच माणसाच्या हाती असते. त्याला कोंब फुटणे, कणीस भरणे हे त्याच्या हातचे नाही. उभे पीक एका रात्रीत भुसा होऊन गेले तर शेतकऱ्याने केवळ कपाळाला हात लावून बसावे लागते, याचीही तेथे आठवण करून दिली आहे. ज्याने खरीप बुडताना पाहिला आहे त्याला या आयतींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मृगाची चाहूल लागली की अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या तालुक्यांतील शेतकरी कपाशीचे बियाणे नेतो. गेली वीसहून अधिक वर्षे हे बियाणे बहुतांशी बीटी कपाशीचे, म्हणजे जनुकीय तंत्राने बदललेले आहे. त्या गर्दीत आपले मुस्लिम शेतकरी, शेतमजूर आणि बियाण्यांचे व्यापारीही असतात. हे बियाणे पेरणे जायज आहे काय? अल्लाहच्या निर्मितीत हा हस्तक्षेप तर नव्हे? सरकारची मान्यता नसलेले बियाणे कोणी चोरून विकत असेल तर त्याची कमाई हलाल ठरेल काय? सरकीचे तेल आणि पेंड यांचे काय? हे प्रश्न मशिदीच्या पायरीवर आणि चावडीवर दोन्हीकडे विचारले जातात. त्यांची उत्तरे भीतीने किंवा भाबडेपणाने न देता दीन आणि ज्ञान या दोहोंच्या आधारे शोधावीत, हा या लेखाचा हेतू आहे.

एकाच जिल्ह्यातील तीन दृष्टी

जनुकीय पिकांविषयी समाजात जे मतभेद आहेत ते पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते सर्व आपल्या जिल्ह्यात एकत्र सापडतात.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे डोंगराळ भागातील आदिवासी गाव. तेथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी शाळेचे शिक्षण न घेता भात, वाल, घेवडा, नाचणी आणि पालेभाज्यांच्या गावठी वाणांचे बियाणे जतन केले. बाएफ या संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. ‘बीजमाता’ म्हणून आज त्यांना सारा देश ओळखतो. बियाणे घरचे असावे, ते शेजाऱ्याला देता यावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरता यावे, ही त्यांच्या कामामागील धारणा आहे.

दुसरीकडे श्रीगोंदा तालुक्याचे अनिल घनवट आहेत. शरद जोशी यांनी स्थापन केलेल्या शेतकरी संघटनेचे ते अध्यक्ष राहिले आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कृषी कायद्यांविषयी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. शेतकऱ्याला बाजाराचे स्वातंत्र्य हवे तसे तंत्रज्ञानाचेही हवे, आणि जगातील शेतकरी जे बियाणे वापरतो ते आपल्या शेतकऱ्याला नाकारणे हा अन्याय आहे, ही या संघटनेची भूमिका आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरून आंदोलन केले.

तिसरी दृष्टी राहुरीची. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात निवड आणि संकर या मार्गांनी नवे वाण तयार होतात. रब्बी ज्वारीचे ‘फुले वसुधा’ आणि ‘फुले रेवती’ हे वाण तेथलेच आहेत. चाचणी घ्यावी, नोंद ठेवावी, सिद्ध झाले तर शिफारस करावी, ही संशोधकाची रीत.

या तिन्ही दृष्टींत काही ना काही सत्य आहे. मुसलमानाने त्यांपैकी एकीचा झेंडा खांद्यावर घेण्यापूर्वी शरीअतचे निकष कोणते ते पाहिले पाहिजे.

बीटी कपाशी म्हणजे काय?

ज्या गोष्टीचा हुकूम विचारावयाचा तिचे स्वरूप आधी समजले पाहिजे, असा फुकहांचा नियम आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा एक जिवाणू आहे. त्याच्या नावातील आद्याक्षरांवरून ‘बीटी’ हा शब्द आला. हा जिवाणू असे प्रथिन तयार करतो की ते काही जातींच्या अळ्यांच्या पोटात गेल्यावर त्यांच्या आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात हे प्रथिन क्रियाशील होते व तेथील विशिष्ट पेशींना चिकटते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि त्या प्रथिनाला चिकटण्याजोगी जागा मानवी आतड्यात नसते, म्हणून ते माणसाला तसे बाधत नाही. शास्त्रज्ञांनी या जिवाणूतील त्या प्रथिनाचे जनुक घेऊन कपाशीत बसविले. आता झाड स्वतःच ते प्रथिन तयार करते.

भारत सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी दिली. ते बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे होते आणि तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. २००६ साली दोन जनुके असलेली बोलगार्ड-२ आली. आज देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. २००२-०३ साली देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींच्या घरात गेला. या वाढीचे सर्व श्रेय एका जनुकाचे नाही. संकरित वाण, वाढलेले क्षेत्र, खते, सिंचन आणि अनुकूल पाऊस यांचाही त्यात वाटा आहे. तरीही हिरव्या बोंडअळीने हैराण झालेल्या शेतकऱ्याला त्या काळी बीटीने दिलासा दिला, हे नाकारणे न्यायाला धरून होणार नाही.

‘अल्लाहची निर्मिती बदलणे’ याचा अर्थ

जनुकीय पिकांना हराम म्हणणारे काही लोक सूरह अन्-निसाच्या ११९ व्या आयतीचा आधार देतात. अल्लाहच्या निर्मितीत बदल करावयास मी माणसांना भाग पाडीन, अशी सैतानाची वल्गना तेथे नमूद आहे. परंतु आयतीचा संदर्भ नीट पाहिला पाहिजे. अरबस्तानचे अनेकेश्वरवादी देवतांच्या नावाने जनावरांचे कान कापून सोडीत आणि अल्लाहने हलाल केलेला पशू स्वतःवर हराम करून घेत. आयतीत याच कान कापण्याचा उल्लेख आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका मतानुसार, तसेच मुजाहिद (रह.) यांच्या मते, येथे निर्मिती बदलणे म्हणजे अल्लाहचा दीन बदलणे. इमाम तबरी (रह.) यांनी हाच अर्थ पसंत केला आणि त्यासाठी सूरह अर्-रूमच्या ३० व्या आयतीचा आधार घेतला. अन्य भाष्यकारांनी शरीराचे विनाकारण विद्रूपीकरण असाही अर्थ केला आहे. दोन्ही अर्थ घेतले तरी लाभासाठी पिकाचा वाण सुधारणे त्यात आपोआप येत नाही. तसे असते तर कलम करणे, संकर करणे, किंबहुना जंगली गवतातून गहू निवडणेही निषिद्ध ठरले असते.

याविषयी सहीह मुस्लिममधील खजुरीच्या परागणाची हदीस प्रसिद्ध आहे. मदीनेचे लोक नर खजुरीचे पराग मादी झाडावर हाताने घालीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ते फारसे आवश्यक वाटले नाही, तेव्हा लोकांनी ते थांबविले आणि त्या वर्षी फळ हलके आले. हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की अशा ऐहिक कामांची माहिती तुम्हालाच अधिक आहे. या प्रसंगातून दोन धडे मिळतात. शेतीचे तंत्र अनुभव आणि प्रयोग यांनी ठरते. आणि निसर्गाच्या पुनरुत्पादनात लाभासाठी मानवी हात लागणे ही मुळात गुन्ह्याची गोष्ट नाही. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्नुल अव्वाम यांनी ‘किताबुल फिलाहा’ हा शेतीवरील मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात कलमांच्या नाना पद्धती सांगितल्या, त्या याच परंपरेच्या बळावर.

फिकहचा सर्वमान्य सिद्धांत असा की वस्तूंच्या बाबतीत मूळ हुकूम मुबाह असण्याचा, म्हणजे अनुमतीचा आहे. हराम ठरविण्यासाठी पुरावा लागतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१३ साली जनुकीय अभियांत्रिकीविषयी दिलेल्या फतव्यात हाच मार्ग घेतला. लाभ असावा, अपाय नसावा आणि हराम स्रोताचा वापर नसावा, या अटींवर त्यांनी अनुमती दिली. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने १९९९ साली डुकराच्या जनुकाचा खाद्यपदार्थांत वापर शरीअतविरुद्ध ठरविला. म्हणजे जनुक कोठून आले हा प्रश्न उलेमांनी महत्त्वाचा मानला आहे. बीटी कपाशीतील जनुक मातीतील जिवाणूचे आहे. त्यात नापाक काही नाही. सरकीच्या शुद्ध तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. तेव्हा केवळ ‘बीटी आहे’ या कारणाने ते तेल किंवा दुभत्या जनावराला घातलेली पेंड हराम म्हणता येणार नाही.

अनुमतीनंतरचा प्रश्न : अपाय

मूळ अनुमती मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही. द्राक्ष हलाल आहे, पण त्याची दारू हराम आहे. वस्तू वापरण्याची पद्धत आणि तिचा परिणाम यांवर हुकूम बदलतो. स्वतः अपाय सोसू नये आणि दुसऱ्याला अपाय करू नये, या आशयाची हदीस इब्ने माजा आणि मुवत्ता यांत आली आहे व तिच्यावर फिकहचा मोठा डोलारा उभा आहे. सूरह अल्-बकराच्या २०५ व्या आयतीत तर पीक आणि संतती यांचा नाश करणाऱ्याची निंदा आहे. पीक आणि संतती हे दोन शब्द तेथे एकत्र आले आहेत, याचा विचार व्हावा.

बीटी कपाशीच्या बाबतीत अपाय कसा घडला ते महाराष्ट्राने पाहिले. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे लहान पाकीट मिळत असे. बीटीच्या शेताभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे बिगर-बीटी पीक आश्रय म्हणून लावावे, असा नियम होता. त्यामागील विचार असा की बीटी खाऊनही तगलेल्या थोड्या अळ्यांचे पतंग आश्रय पिकातील सामान्य पतंगांशी संयोग पावतील आणि प्रतिकारशक्ती पुढील पिढीत पसरणार नाही. त्या वीस टक्क्यांतील बोंडे किडीला देऊन टाकण्याची शेतकऱ्याची तयारी नव्हती. बहुतेकांनी लहान पाकीट बांधावर फेकून दिले. कोणी डिसेंबरनंतरही फरदड ठेवली, त्यामुळे शेंदरी बोंडअळीला वर्षभर अन्न मिळाले. काही कंपन्यांनीही त्या पाकिटात काय दर्जाचे बियाणे भरले याविषयी तक्रारी होत राहिल्या. परिणामी शेंदरी बोंडअळी बोलगार्ड-२ लाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात राज्यातील कपाशीचे प्रचंड नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले.

या घटनेत तंत्राचा दोष किती, कंपनीचा किती, शासनाचा किती, यावर वाद चालू राहील. परंतु दीनच्या दृष्टीने एक बाब स्पष्ट आहे. आश्रय पीक हा शेजाऱ्याचा हक्क होता. माझ्या शेतात तयार झालेली प्रतिकारक अळी माझ्या बांधावर थांबत नाही. तिचा पतंग होतो आणि तो शेजाऱ्याच्या कपाशीवर उतरतो. शेजाऱ्याच्या हक्काविषयी हजरत जिब्रील (अ.) यांनी इतकी ताकीद दिली की तो वारस ठरविला जाईल की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोहोंत आहे. लहान पाकीट फेकणाऱ्याने काही रुपयांची बोंडे वाचविली, पण साऱ्या शिवाराचे संरक्षण गमावले.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने याउलट उदाहरण घालून दिले आहे. सिंचनासाठी कूपनलिका खोदू नये आणि उसासारखी पाणीखाऊ पिके घेऊ नयेत, असे नियम त्या गावाने स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. एकट्याचा लाभ मर्यादित ठेवला म्हणून सर्वांच्या विहिरींना पाणी राहिले. आश्रय पिकाचा नियमही याच जातीचा होता. तंत्रज्ञान प्रयोगशाळेत तयार होते, पण ते टिकते गावाच्या शिस्तीवर.

मान्यता नसलेले बियाणे आणि व्यापाऱ्याची कमाई

तणनाशक-सहनशील कपाशीला लोक ‘एचटीबीटी’ म्हणतात. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी ही कपाशी मरत नाही, तण मरते. खुरपणीची मजुरी परवडत नाही आणि वेळेवर मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. दुसऱ्या बाजूस त्या खुरपणीवरच अनेक भूमिहीन स्त्रियांची चूल पेटते. ग्लायफोसेटविषयीही शास्त्रज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत निराळे आहे. आपल्या देशात या कपाशीला मान्यता नाही आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तिची लागवड व विक्री बेकायदेशीर आहे. तरीही ती चोरवाटेने येते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अकोली जहांगीरच्या आंदोलकांनी उघडपणे, नाव सांगून, शिक्षेची तयारी ठेवून कायद्याला आव्हान दिले. त्यांच्याशी मतभेद असू शकतो, पण त्यात लपवाछपवी नव्हती. याउलट जो व्यापारी बिनपावतीचे, बिनलेबलाचे किंवा दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटातील बियाणे गरजू शेतकऱ्याच्या हाती ठेवतो, तो शुद्ध फसवणूक करतो. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य प्रेषितांच्या (स.) हाताला लागले, तेव्हा ते वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही असे बजावले. ओले धान्य तरी डोळ्यांना दिसते. बियाण्याचा दोष पीक उभे राहीपर्यंत दिसत नाही आणि तोवर हंगाम हातून गेलेला असतो. पावती नसल्याने बुडालेल्या शेतकऱ्याला भरपाई मागण्याचीही सोय राहत नाही. म्हणून बियाण्यातील फसवणूक धान्यातील फसवणुकीहून भारी समजली पाहिजे. अशा विक्रीतील नफ्यावर बरकतीची आशा ठेवू नये. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी मापात मारणाऱ्यांना दिलेला इशारा अशा व्यापाऱ्यालाही लागू पडतो.

शेतकऱ्यानेही विचार करावा. देशात राहताना आपण तेथील न्याय्य नियम पाळण्याचा करार केलेला असतो आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. कायदा चुकीचा वाटत असेल तर तो बदलण्यासाठी बोलावे, लिहावे, निवेदन द्यावे. रात्रीच्या अंधारात घेतलेले बियाणे हा त्याचा मार्ग नव्हे.

बियाणे कोणाचे?

प्रेषितांच्या (स.) एका हदीसमध्ये पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोकांचा वाटा सांगितला आहे. अबू दाऊदमध्ये ती आहे. फुकहांनी त्यावरून जीवनाच्या मूलभूत साधनांवर मक्तेदारी नसावी असा अर्थ काढला. बियाणे हे त्या तिहींच्या यादीत नाही आणि संशोधकाला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळावा हे इस्लामला मान्य आहे. परंतु संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये, हे सूरह अल्-हश्रच्या सातव्या आयतीतील तत्त्व येथे मार्गदर्शक आहे.

आरंभीच्या वर्षांत बीटीचे एक पाकीट १,६०० रुपयांच्या पुढे गेले होते आणि त्यात तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचा मोठा भाग होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने त्याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली. पुढे केंद्र सरकारने दर ठरविण्याचा अधिकार हाती घेतला आणि २०१६ साली बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये केली. याशिवाय २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हा हक्क किती शेतकऱ्यांना माहीत आहे?

तथापि हक्क असूनही बीटी कपाशीचे घरचे बियाणे उपयोगी पडत नाही. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित आहे आणि संकरित वाणाचे बी पुन्हा पेरले की उत्पन्न घटते. त्यामुळे शेतकरी दरवर्षी दुकानावर अवलंबून राहतो आणि बियाणे, खत, औषध यांसाठी सावकाराच्या व्याजात अडकतो. रिबा हे ज्या दीनमध्ये महापाप आहे त्या दीनच्या अनुयायांनी याकडे डोळेझाक करू नये. राहीबाईंच्या बियाणे बँकेत बियाणे नेणारा हंगामानंतर बियाणेच परत करतो. गरजूला हात देणारी ही रीत कर्ज-ए-हसनाच्या भावनेशी किती जवळची आहे! वस्तीतील जमातींनी आणि बैतुलमालांनी अशी सोय उभारली तर ती मोठी सेवा होईल.

अफवा, भीती आणि पडताळणी

जनुकीय पिकांविषयी लोकमत बहुधा ऐकीव गोष्टींवर बनते. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये मूल्यमापन समितीने हिरवा कंदील दाखविला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यावर स्थगिती आणली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली त्याच तंत्राच्या वांग्याला मान्यता दिली आणि पुढच्या वर्षापासून तेथील शेतकरी ते पिकवीत आहेत. आपल्याकडे जनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली, पण २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर भिन्न निर्णय दिले आणि सरकारने राष्ट्रीय धोरण आखावे यावर मात्र दोघांचे एकमत झाले. विद्वान न्यायाधीशांतही जेथे मतभेद होतो तेथे सामान्य माणसाने छातीठोक बोलण्यापूर्वी थांबावे हे बरे.

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीने बातमी पडताळून घेण्याची सक्त आज्ञा दिली आहे. ‘बीटी खाल्ल्याने माणूस वांझ होतो’ असे सांगणारा पुरावा देत नाही. ‘यात कसलाच धोका नाही’ असे सांगणारा विक्रेताही शेंदरी बोंडअळीचा इतिहास सांगत नाही. ‘हे बी उगवतच नाही, कंपनीने ते मारून ठेवले आहे’ ही समजूत अशीच आहे. वांझ बियाण्याचे तथाकथित ‘टर्मिनेटर’ तंत्र बाजारात कधी आलेच नाही आणि आपल्या २००१ च्या कायद्याने तशा वाणाच्या नोंदणीस मनाई आहे. संकरित बियाण्याचे घटते उत्पन्न आणि वांझ बियाणे या दोन निराळ्या गोष्टी लोकांनी एक करून टाकल्या आहेत. अज्ञानातून विरोध केला तर खऱ्या दोषांविरुद्धचा आवाजही हलका होतो.

आचरणासाठी काही मार्गदर्शक मुद्दे

१. मान्यताप्राप्त जनुकीय बियाणे, ज्यात हराम स्रोताचे जनुक नाही आणि ज्याचा अपाय सिद्ध नाही, ते पेरणे मुबाह आहे. न पेरणाऱ्याला मागासलेला म्हणू नये आणि पेरणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये.

२. बियाण्याची पावती घ्यावी, पाकिटावरील गट क्रमांक आणि मुदत पाहावी, रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतील हदीसची शिकवण हीच आहे.

३. आश्रय पिकाचा नियम पाळावा, फरदड ठेवू नये, कामगंध सापळे लावावेत. हे सारे गावाने मिळून केले तरच उपयोगी पडते. म्हणून जुम्याच्या दिवशी खुत्ब्यापूर्वीच्या बयानात खतीब साहेबांनी याची आठवण द्यावी.

४. फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे, तोंडपट्टी आणि स्वच्छ पाणी देणे ही मालकाची जबाबदारी आहे. एका जिवाचे रक्षण करणे म्हणजे साऱ्या मानवजातीचे रक्षण, हा सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीचा धडा शेताच्या बांधावरही लागू आहे.

५. काही गुंठ्यांत का होईना, घरच्या वाणाची बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा लावावा आणि त्याचे बी राखावे. अल्लाहने एकाच पाण्यावर वाढणाऱ्या लगतच्या वाफ्यांना निरनिराळी चव दिली, ही निशाणी सूरह अर्-रअदच्या चौथ्या आयतीत सांगितली आहे. ती विविधता टिकविणे म्हणजे त्या निशाणीची कदर करणे होय.

६. कापणीच्या दिवशी पिकातील हक्क देण्याची आज्ञा सूरह अल्-अन्आमच्या १४१ व्या आयतीत आहे. पावसावरच्या पिकात दहावा आणि विकतच्या किंवा ओढलेल्या पाण्यावरील पिकात विसावा हिस्सा, हे उश्रचे प्रमाण हदीसने ठरविले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते कापसासारख्या पिकावरही उश्र आहे, इतर इमामांचे मत भिन्न आहे. आपल्या जमिनीचा प्रकार सांगून जवळच्या मुफ्ती साहेबांकडून याची खात्री करून घ्यावी.

७. उम्मतच्या काही मुला-मुलींनी कृषिशास्त्र, बीजशास्त्र आणि जनुकशास्त्र शिकणे ही फर्ज-ए-किफायाची बाब आहे. राहुरीचे विद्यापीठ आपल्या दारात आहे. बियाण्याचा प्रश्न दुसऱ्यांनी सोडवावा आणि आपण फक्त जायज-नाजायज विचारावे, ही स्थिती समाधानाची नाही.

अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची पद्धत घालून दिली, याची चारशे वर्षांनंतरही आठवण काढली जाते. कसणाऱ्याच्या क्षमतेपलीकडे बोजा टाकू नये, हा त्यातील न्याय होता. आज बियाण्याची किंमत, तंत्राची मालकी आणि अपायाची जबाबदारी ठरविताना तोच न्याय हवा आहे. शास्त्र हे अल्लाहच्या निशाण्या वाचण्याचे साधन आहे. सूरह अर्-रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखाबरोबरच मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि त्या तोलात अतिरेक करण्यास मनाई आहे. नवे बियाणे आले म्हणून तो तोल आपोआप बिघडत नाही. पण लोभाने किंवा बेफिकिरीने ते वापरले तर बिघडल्यावाचून राहत नाही.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे बुखारी शरीफमधील हदीस सांगते. आपण जे पेरतो ते पाखराच्याही चोचीत जाणार आहे आणि उद्याच्या पिढीच्या ताटातही. तेव्हा बियाण्याची मूठ सोडताना बिस्मिल्लाह म्हणावे आणि त्या मुठीचा हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे हे ध्यानात ठेवावे. अल्लाह आपल्या शिवारांत बरकत देवो, शेतकऱ्याला कर्जाच्या फासातून सोडवो आणि आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान व ते पाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.